आईची एकादशी

निजामाचं राज्य गेलं त्या सुमाराला आष्टीत आमच्या शेजारी मिशन दवाखान्यातल्या नर्सबाई राहायच्या. ताप कितीही असो, थर्मामीटर झटकत "बराबर हाय" म्हणायच्या. मला ते कधी पटायचं नाही. ईस्टरआधीचे चाळीस दिवस त्या संध्याकाळपर्यंत उपाशी असत. त्याच दिवसांत आई टायफॉइडमधून उठत होती, आणि एकादशी म्हणून पेज घेईना.

"माय, तुमची एकादशी मी धरते," नर्सबाई तिला म्हणाल्या. "तुम्ही पेज प्या."

"तू तर आधीच उपाशी. मंग माझी कशी धरशील?"

"माझे दिवस सरले की येगळी धरीन."

आईनं वाटी तोंडाला लावली. माझा जीव भांड्यात पडला.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी त्या आईला बघायला आल्या. मी पोह्यांची बशी पुढं केली.

"आज न्हाई," त्या म्हणाल्या. "आज तुमच्या आईची एकादशी हाय."