लॉकचा दिवा

पौडला लिलावातले जुने मिलिटरी ट्रक दुरुस्त व्हायचे, तिथं एक वायरमन होता. दातांनी वायर सोलायचा, बोलायचा कमी. दुसऱ्या ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला की गिअरच्या दांड्याच्या लॉकची वायर तो ब्रेकच्या स्विचमधून न्यायचा. ब्रेक दाबला की लॉक सुटायचं आणि डॅशबोर्डवरचा छोटा दिवा विझायचा. आधी मात्र विचारायचा, "बॉक्स कुठल्या गाडीचा?"

माझ्या ट्रकला बसवायचा बॉक्स घाटातल्या एका वळणावर दरीत कोसळलेल्या ट्रकचा होता. ड्रायव्हर वाचला नव्हता.

पुढं नेमक्या त्या वळणावर, माझा पाय ब्रेकवर नसताना, दिवा दर खेपेला विझू लागला. वायरमननं सगळे जोड तपासले. एकही सैल नव्हता. पक्कड पुसत म्हणाला, "तवा बिचाऱ्याचा ब्रेक लागला न्हाई. आता दाबतोय, तर दाबू द्या की."