एकाच गेटवर फटाके आणि गुलाल

जोडून तीन सुट्ट्या आल्या की आमच्या सोसायटीचं पार्किंग रिकामं होतं. यंदा मीही कुठेतरी जायचं ठरवलं. आई गेल्यापासून घराबाहेर पडले नव्हते आणि एकटीनं हॉटेलात खोली मागायचा धीर होत नव्हता. म्हणून सुनंदाला फोन केला. पुण्यात शिकताना आम्ही हॉस्टेलच्या एका खोलीत राहायचो. ती निरगुडसरची, अवसरी बुद्रुकला दिलेली. नवरा गेल्यापासून शेती तीच बघते आणि बरीच वर्षं एका पक्षाचं कामही करते.

"ये की," ती म्हणाली. "पण मळ्यातच बसू. मला गावात चल म्हणू नकोस."

तुम्ही जाणार असाल तर वाकडेवाडीहून मंचरकडे जाणाऱ्या एसट्या भरपूर आहेत. सकाळी लवकर निघा, नाहीतर चाकणच्या कोंडीत निम्मा उत्साह संपतो. बायकांना अर्धं तिकीट. माझ्या शेजारच्या बाईंनी आपलं तिकीट नीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि मला म्हणाल्या, "हे अर्धं तिकीट मुंबईच्या सरकारनं दिलंय, दिल्लीच्या न्हाई बरं का." मी काही विचारलंच नव्हतं. आता गप्पा सुरू होतील म्हणून मी त्यांच्याकडे वळले, तोवर त्यांचा डोळा लागला होता. मग खेड येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले.

मंचरला उतरून शेअर रिक्षा केली. सुनंदाचं घर मळ्यात, एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला बटाटा. तिनं मासवडी केली होती. नावात मास असलं तरी ही बेसनाची वडी, आत तीळ, खोबरं, लसूण, आणि सोबत घाम फोडणारा रस्सा. या भागात आलात तर ही घरची खायला मिळेल असं बघा. जेवताना मी विचारलं, गावात का जायचं नाही.

तिनं हातातली भाकरी ताटात ठेवली. "लोकसभेला आमचा पक्ष गावात मागं पडला. पक्षाचं ऑफिस माझ्याच घरात. निकालाच्या दिवशी दुसऱ्या बाजूच्या पोरांनी माझ्या गेटवर फटाके लावले. त्यात बाजीराव भावजी होते." बाजीराव तिचे धाकटे दीर. बांधापलीकडेच राहतात. "पुढं विधानसभा आली. तोच पक्ष, तीच मी, तेच उंबरे. आमचा आमदार निवडून आला, आमच्या गावातही पुढं होता. आणि तीच माणसं गुलाल घेऊन त्याच गेटवर आली. भावजींनी माझ्या कपाळाला गुलाल लावला. मी आत आले, डोकं धुतलं आणि दार लावून घेतलं."

तेव्हापासून ती किराणाही मंचरहून आणते.

दुसऱ्या दिवशी मला भीमाशंकरच्या रस्त्यानं थोडं पुढे जायचं होतं. सुनंदा येईना. बाजीराव शिनोलीला एक गाय बघायला पिकअप घेऊन निघाले होते, त्यांनी मला सोबत घेतलं. घोडेगाव सुटलं की डोंगर जवळ येतात, हवा बदलते. सुट्टीमुळे पुण्याच्या गाड्यांची रांग होती. मी विचारलं, "लोकसभेला त्या पक्षाला मत दिलं नाही आणि विधानसभेला दिलं. असं का?"

"त्यात काय अवघड हाय," ते म्हणाले. "तवा दिल्लीत ह्यांचंच सरकार, त्यांनी कांद्याची निर्यात बंद केली. माझा कांदा चाळीत सडला. त्यांना परत दिल्लीला कसं पाठवणार? आन आमदाराचं म्हणाल तर कॅनॉलच्या पार शेवटाला पाणी आणलं त्या माणसानं. बिबट्याचा पिंजरा एका फोनवर लावून दिला. त्याला घरी बसवून आमाला काय मिळणार व्हतं? पक्ष एक असला म्हणून काम एक नसतंय, पावणं."

शिनोलीत चहाला थांबलो. गायवाले आपल्या बायकोसह तिथेच आले होते. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारं घर, आता शेती आणि दोन गाई. मी त्यांनाही तेच विचारलं. बाई म्हणाल्या, "खासदार आमी टीव्हीवर बघतो. आमदार आमच्या सासऱ्याच्या मयताला आला व्हता. दोघांना एका मापानं कसं मोजायचं?"

गाईचा सौदा काही जमला नाही. परतताना मी बाजीरावांना विचारलं, "मग वहिनींच्याच गेटवर फटाके कशाला?"

त्यांनी गिअर बदलला. मंचर जवळ आलं होतं. मग म्हणाले, "पक्षाचं हाफिस म्हणून लावले. वहिनी आत एकटीच हाय, हे ध्यानात न्हाई आलं."

संध्याकाळी मी सगळं सुनंदाला सांगितलं. मला वाटलं, कारण कळलं की तिचा राग उतरेल. ती लसूण सोलत शांतपणे ऐकत होती.

"कांदा, पाणी, बिबट्या, हे मला माहीत नाही का गं? दारोदार मीच फिरले होते. कारण नकोय मला. मला वाटायचं, लोक थोडं तरी माझ्याकडं बघून मत देतात. हरले तेव्हा कुणी माझ्याकडं बघितलं नव्हतं, आणि जिंकले तेव्हाही नाही. दोन्ही वेळा मी तिथं नव्हतेच."

मीही लसूण सोलायला घेतला.

निघायच्या सकाळी बाजीराव दारात आले. चप्पल न काढता बाहेरच उभे राहिले. "वहिनी, फटाक्याचं माझं चुकलं." सुनंदानं चहा आणून दिला. त्यांनी उभ्यानंच प्यायला आणि कप पायरीवर ठेवला. "ग्रामपंचायतीला तुमीच उभ्या राहा. तिथं पक्षाचं चिन्ह नसतंय. माणूसच बघावा लागतोय." तिनं पायरीवरचा कप उचलून आत नेला. मला मंचरच्या स्टँडवर सोडायला मात्र गावातल्या रस्त्यानं आली.

आता सांगण्यासारखं एवढंच उरलं आहे. घरी येऊन कपडे धुतले, फोटो बघितले. बहुतेक डोंगराचे होते, सुनंदाचा एकही नाही. काही महिन्यांनी तिचा फोन आला. ती खरंच वॉर्डातून उभी राहिली होती, आणि पडली.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना. पण पारावर शेजारची कमल मला तोंडावर म्हणाली, सुनंदा, तू फटकन बोलतेस, म्हणून तुला मत न्हाई दिलं. मी म्हटलं, मग आता चहा पाज. तासभर तिथंच बसलो होतो दोघी." हॉस्टेल सुटल्यापासून तिला असं हसताना मी ऐकलं नव्हतं.

फोन ठेवला. सोसायटीत पुन्हा सुट्टीची शांतता होती. आई गेल्यापासून मला कुणी तोंडावर नाही तरी म्हटलं का, हे आठवू लागले.