पुडीतल्या अक्षता

घोडपदेवच्या एका चाळीत तळमजल्यावर मेघना साटमची दहा बाय बाराची खोली आहे. दारावर पाटी नाही, तरी लालबाग-परळपासून शीव कोळीवाड्यापर्यंतच्या बँजो पार्ट्या ती बरोबर शोधून काढतात. कीबोर्डची पट्टी दबली, पॅड मुका झाला, स्पीकर गुरगुरायला लागला, की ‘मेघनाताईकडे टाक’ एवढंच या भागात म्हटलं जातं. पहिल्यांदा येणारा माणूस टेबलाशी सोल्डरिंग करत बसलेल्या बाईकडे बघतो आणि वर तिलाच विचारतो, “दुकानात कोणी आहे का?” मेघना मानही वर करत नाही. “मी काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे?” म्हणते.

वय सत्तेचाळीस, चष्मा कपाळावर, तोंड फटकळ. पण हात असा हलका, की पंचवीस वर्षं तापलेलं मशीनही तिच्यासमोर गप्प पडून राहतं. परळच्या एका रेडिओ-टीव्हीच्या दुकानात ती तात्यांच्या हाताखाली शिकली. तात्यांची एक शिस्त तिने जन्माची उचलली. मशीनच्या पोटातून जे निघेल ते गिऱ्हाइकाचं. झुरळं तेवढी वगळायची, बाकी सगळं कागदाच्या पुडीत बांधून मशीनबरोबर परत द्यायचं. आजवर तिने नाणी परत दिलीत, सेफ्टी पिना दिल्यात, कानातल्यांच्या फिरक्या दिल्यात, मूठमूठ गुलाल दिलाय. एकदा एका ऑर्केस्ट्रावाल्याच्या कीबोर्डमधून गायिकेने लिहिलेली चिठ्ठी निघाली. मशीन न्यायला त्याची बायको आली होती. ती पुडी मेघनाने मागे ठेवली आणि नंतर नवऱ्याला बोलावून हातात दिली. तिच्या आयुष्यात एवढीच काय ती लपवाछपवी.

यंदा विसर्जन आटोपलं, बँजोवाले थंडावले, आणि एका दुपारी दाराशी टॅक्सी थांबली. टॅक्सीतून गोधडीत गुंडाळलेलं एक लांबलचक धूड निघालं आणि त्यामागून पांढऱ्या शर्टातले, बारीक अंगाचे एक गृहस्थ. मनमोहन धैर्यवान, राहणार गिरगाव. दिवसा विमा कंपनीत कारकून आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात वादक, अशी चाळीस वर्षं काढलेला माणूस.

गोधडी सोडल्यावर मेघनाने शीळच घातली. नव्वदच्या दशकातला सॅम्पलर होता. हे नुसतं पेटीसारखं वाजणारं कीबोर्ड नव्हे. याला बाहेरचा कुठलाही आवाज ऐकवा, तो हे आपल्या हार्ड डिस्कवर साठवून ठेवतं आणि मग प्रत्येक पट्टीवर वेगळ्या सुरात वाजवून दाखवतं. असं मशीन आता मुंबईत शोधून सापडायचं नाही.

“चालू होतं,” मनमोहनकाका म्हणाले, “पण डिस्क नाही म्हणतं. अहो, आतच तर आहे ती, जाणार कुठे?”

“आत काय आहे, काका?”

काकांनी खिशातून रुमाल काढला, पण तोंड पुसलं नाही, नुसता हातात धरला. “सतारी, बासऱ्या, व्हायोलिनं आहेत. त्यांची काळजी नाही, ते सगळं फ्लॉपीवर उतरवून ठेवलंय. एक आवाज तेवढा फ्लॉपीवर नाही.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बायको दुर्गा गेली, त्याला वर्ष झालं. सत्त्याण्णव साली हे मशीन घरात आलं तेव्हा काकांनी तिला स्वयंपाकघरातून बोलावून माइकसमोर उभं केलं होतं. पिठाचे हात पदराला पुसत तिने चार सेकंद ‘आ’ लावला आणि आपली लाटण्याकडे परत गेली. काकांनी तो पट्ट्यांवर बसवला. एक पट्टी दाबली की एक दुर्गा गायची, पाच दाबल्या की पाच जणी. ती लाजून लाल व्हायची. म्हणायची, पुसून टाका हो तो, पातेलं खरवडल्यासारखा आवाज आहे माझा. दर दोन-चार महिन्यांनी तिची ही भुणभुण असायची आणि काका दर वेळी ‘पुसतो, पुसतो’ म्हणून वेळ मारून न्यायचे.

“फ्लॉपीवर का नाही घेतलात?” मेघनाने विचारलं. विचारताना तिचा आवाज जरा चढलाच.

“आम्हा वादकांच्या फ्लॉप्या घरी कुठे राहायच्या? आज माझी याच्याकडे, उद्या त्याची माझ्याकडे. दुर्गाचा आवाज कुठल्या तरी मांडवात कोणी परका वाजवणार, हे मला नको होतं. म्हणून फक्त डिस्कवर ठेवला.” काकांनी रुमाल खिशात ठेवला. “मोबाइल आल्यावर लेकीने व्हिडिओ काढायचा प्रयत्न केला, तर ही पदर तोंडावर घेऊन गप्प. तिचा म्हणून दुसरा आवाज कुठेच नाही, ताई.”

मेघनाने मशीन टेबलावर ओढून घेतलं. पण खोटी आशा लावणं तिच्या स्वभावात नाही. “मशीन चालू करून देईन, काका. त्या आवाजाचं आताच कबूल करत नाही.”

काका गेल्यावर तिने मशीन उपडं केलं, स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये क्रमाने मांडले आणि तळाची पाटी उचलली. आतला पंखा जागीच रुतला होता. वारा बंद पडल्यामुळे त्याच्या शेजारची डिस्क किती तरी वर्षं आपल्याच उष्णतेत भाजत बसली होती. पंख्याच्या पात्यांत कसला तरी लालसर राडा चिकटला होता. तिने चिमट्याने तो सोडवला तेव्हा पेपरवर तांदूळ पडायला लागले.

“उंदीर,” मेघना वैतागून म्हणाली. “घर केलं असणार मेल्यांनी.”

पलंगावर तिची आई, लक्ष्मीबाई, लसूण सोलत बसली होती. वय ऐंशी, पण नजर अजून सुईत दोरा ओवणारी. ती उठून आली, पेपरवर वाकली आणि एक दाणा बोटावर घेतला. “ह्या उंदराचा काम न्हय गो. उंदीर तांदळाक कुंकू लावता काय?”

मेघनाने चष्मा डोळ्यांवर घेतला. खरंच, प्रत्येक दाणा लाल होता, काही पिकून तपकिरी झाले होते. हळद होती, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या होत्या आणि आपट्याच्या पानांचे चुरे. दसऱ्याला बँजोवाले आपल्या वाद्यांना वाहतात तेच सगळं, फक्त पंचवीस-सव्वीस दसऱ्यांचं एकावर एक साठलेलं. आणि हे सगळं मशीनच्या मागच्या जाळीतून आत उतरलं होतं. पूजा कोणी मागच्या बाजूने करतं का?

डिस्क लावून पाहिली, फिरेना. बोटाच्या पेराने अलगद टिचकी मारली तेव्हा फिरली, पण आतून टक टक आवाज यायला लागला, तसा मेघनाने वीज काढली. दुसऱ्या दिवशी ती ती डिस्क घेऊन लॅमिंग्टन रोडला अभिषेककडे गेली. मेलेल्या डिस्कमधून माहिती काढणं हाच त्याचा धंदा. त्याने तीन दिवस ठेवून घेतली आणि मग फोन केला. “ताई, आत सरफेसच खरवडून गेलाय. काही नाही येणार.”

“नीट बघितलंस?”

“तुमच्यासाठी दोनदा बघितलं.”

आता निदान मशीन तरी उभं करायचं होतं. या मशीनला आजच्या डिस्का चालत नाहीत. जोडणी पन्नास पिनांची आणि एक जीबीच्या पुढे त्याला मोजताच येत नाही. मेघनाने आठवडाभर जुन्या बाजाराच्या चकरा मारल्या, कॉटन ग्रीनच्या भंगाराच्या गोदामातही उकरलं. शेवटी बंद पडलेल्या एका छापखान्याच्या कॉम्प्युटरमधून तिला हवी तशी डिस्क मिळाली, पन्नास पिनांची आणि अर्ध्या जीबीची. ती हरखून घरी आली, केबल जोडली, मशीन चालू केलं, तर पडद्यावर पुन्हा तेच. डिस्क नाही.

“आये, माझा डोका फिरता आता,” ती म्हणाली आणि चहा घेऊन दारात जाऊन बसली.

अर्ध्या कपावर तिच्या लक्षात आलं. या जुन्या जोडणीत केबलवरच्या प्रत्येकाला आपापला नंबर असतो. मशीन स्वतः सहा नंबर घेऊन बसलं होतं आणि ही डिस्कही छापखान्यातून सहाच नंबर लावून आली होती. एका चाळीत एकाच नंबरच्या दोन खोल्या असल्या तर पोस्टमन पत्र परतच नेणार. मेघनाने डिस्कच्या मागची, नंबर ठरवणारी तांदळाएवढी टोपी चिमट्याने काढली, एका जागी सरकवून बसवली आणि मशीन पुन्हा चालू केलं. डिस्क घुरघुरत फिरली आणि पडद्यावर तिचं नाव उमटलं. मेघनाने एकटीनेच टाळी वाजवली. मग मशीनला समजेल अशा पद्धतीने डिस्क आखून घेतली, काकांच्या फ्लॉप्यांवरून सतारी, बासऱ्या, व्हायोलिनं एकेक करून चढवली. पंखा नवा बसवला, मागच्या जाळीला आतून बारीक जाळी शिवली.

सगळं झालं आणि टेबलावर पुडी तेवढी राहिली.

या पुडीने मात्र तिची पंचाईत केली. पुडी द्यायची म्हणजे पंखा कशाने रुतला ते सांगायचं, आणि ते सांगायचं म्हणजे दुर्गाकाकूंचा आवाज दुर्गाकाकूंच्याच अक्षतांनी गेला हेही सांगायचं. वर्षभरापूर्वी बायको गेलेल्या माणसाला हे कुठल्या तोंडाने सांगणार? पंखा जुना झाला होता म्हटलं की भागलं असतं. तिने पुडी दोनदा खणात टाकली आणि दोनदा बाहेर काढली.

लक्ष्मीबाई पलंगावरून हे बघत होती. “नियम मोडूचो तर मोड गो,” ती म्हणाली. “पण त्येच्या बायलेन काय केल्यान, ता त्येका कळाक नको?”

गिरगावात दुसऱ्या मजल्यावर काकांनी मशीनची जागा आधीच पुसून ठेवली होती. भिंतीला लागून लाकडी स्टँड, वर दुर्गाकाकूंचा फोटो, त्यातही पदर हनुवटीपर्यंत आलेला. मेघनाने कॉफीचा कप हातात घेण्याआधीच सांगून टाकलं. “काका, मशीन ठणठणीत आहे. काकूंचा आवाज नाही मिळाला. दोन ठिकाणी हात टेकून झाले. मला माफ करा.”

काकांनी मान हलवली. जणू हे त्यांना टॅक्सीत बसतानाच ठाऊक होतं. ते मशीनपुढे बसले, व्हायोलिन लावलं, चार सूर वाजवले. “छान झालंय,” म्हणाले आणि पट्ट्यांवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.  मेघनाला वाटलं, आता पुडी पर्समध्येच राहू दे.

पण हात पर्सकडे गेलाच. “हे मशीनमधून निघालं. तुमचं आहे.”

काकांनी पुडी सोडली आणि आतले दाणे बोटाने पसरले. “हे कुठे होतं?”

“मागच्या जाळीतून आत पडलं होतं.”

“मशीन घरात आलं त्या वर्षी दसऱ्याला तिने पट्ट्यांवर हळदकुंकू वाहिलं,” काका म्हणाले. “मी ओरडलो. घरात पाहुणे होते, त्यांच्यासमोर. एवढं महागाचं मशीन, अक्कल आहे का, असं म्हणालो. नंतर कधी कुंकवाचा ठिपका दिसला नाही. मला वाटलं, रुसून सोडून दिलं तिने. मशीन तिला आवडतच नाही, असं धरून चाललो मी.” त्यांनी एक दाणा उचलला. “आणि ही दरवर्षी मशीनमागे हात घालून...”

“समोर वाहायची सोय तुम्ही ठेवली नव्हतीत, काका.” बोलून गेल्यावर मेघनाने जीभ चावली.

“नव्हती ठेवली,” काका म्हणाले. मग त्यांनी पुडीवरून मान वर केली. “ताई, खरं सांगा. डिस्क याच्यामुळे गेली?”

मेघनाने फोटोकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. “हो. पंखा याने रुतला.”

काकांनी पुडी मांडीवर ठेवली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मेघना घाबरून उठली, तर ते हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. “पंचवीस वर्षं मागे लागली होती हो, पुसून टाका म्हणून. मी ऐकलं नाही.” त्यांनी फोटोकडे बोट केलं. “पुसलाच शेवटी तिने!”

मेघनाला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. पदराने नाक पुसत तिने कॉफी संपवली, गार झालेली.

काका उठले आणि देव्हाऱ्यातला दुर्गाकाकूंचा करंडा घेऊन आले. दसऱ्याला अजून आठ दिवस होते, पण त्यांना थांबवेना. करंड्यातलं चिमूटभर कुंकू आणि पुडीतल्या चार जुन्या अक्षता घेऊन ते मशीनसमोर उभे राहिले, अगदी पुढून.

“काका, पट्ट्यांच्या फटीत जाईल ते,” मेघना सवयीने म्हणाली.

“जाऊ दे की,” मधल्या सा च्या पट्टीवर कुंकू वाहत काका म्हणाले, “तुम्ही काढून पुडीत बांधून द्याल.”