परस्पर बोललेला नवस

माझ्या आईला लोक हट्टी म्हणायचे. म्हणोत बापडे. जिनं तुळजाभवानीपुढे उभं राहून "हा नवस मी फेडणार नाही" असं खणखणीत सांगितलं, तिला एवढ्याशा शब्दात बसवणाऱ्यांची मला कीव येते, आणि म्हणूनच मी हे लिहायला बसले आहे.

आईचं नाव पद्मावती. हैदराबादेत जामबागेतल्या मुलींच्या मराठी शाळेत ती गणित शिकवायची. अंबरपेठेहून रोज सकाळी बसनं जायची. पाचवीच्या मुलींना अपूर्णांक समजावताना ती जेवढी खुलायची तेवढी घरात क्वचितच दिसायची. ही नोकरी तिला सहजासहजी मिळाली नव्हती. लग्नानंतर चार वर्षं सासर-माहेर दोन्हीकडच्या नाकदुऱ्या काढून तिनं ती पदरात पाडून घेतली होती.

गोष्ट छप्पन सालची. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले आणि सरकारी नोकरांच्या याद्या निघाल्या. कुणी मुंबई राज्यात, कुणी म्हैसूरला, कुणी इथेच. मराठी माणसांची नावं बहुतेक मुंबईच्या यादीत. नामपल्ली स्टेशनावर आम्ही दर आठवड्याला कुणाला ना कुणाला पोचवायला जायचो. माझे वडील नरहरराव महसूल खात्यात कारकून होते. त्यांचंही नाव मुंबईच्या यादीत लागलं आणि आजीनं हाय खाल्ली.

आजीचं नाव सत्यवती, पण सगळे तिला माई म्हणत. तिचा जन्म इथला, नवरा गेला तोही इथेच. तिला हैदराबाद सोडायचं नव्हतं, तसं आईलाही नव्हतं. आईनं बाबांच्या नावानं दरखास्त लिहिली, ती नामंजूर झाली तशी दुसरी लिहिली, मग तिसरी. बाबा दफ्तरात खेटे घालत राहिले. शेवटी डिसेंबरात हुकूम आला. नाव यादीतून निघालं होतं.

बाबा पेढे घेऊन आले. माईनं ते देवीपुढे ठेवले आणि वळून म्हणाली, "पद्मा, मंगळवारपासून तुझा जोगवा सुरू."

आईला काही उमगेना. मग उलगडा झाला. देवघरातल्या देवीच्या चांदीच्या टाकापुढे माईनं परस्पर नवस बोलला होता. पोराचं नाव यादीतून निघू दे, माझी सून पाच वर्षं दर मंगळवारी नि शुक्रवारी सकाळी हातात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागेल. जोगवा म्हणजे देवीच्या नावानं मागायचं पसाभर पीठ. आमच्यातल्या सगळ्याच बायका नवरात्रात मागतात, त्यात कमीपणा कसला? पण आठवड्यातल्या दोन सकाळी, त्याही पाच वर्षं, म्हणजे शाळेची नोकरी गेली. शाळा सकाळचीच होती.

"मला विचारलंत का माई?" आई म्हणाली.

"देवीशी बोलायला सुनेला कायकू विचारायचं? जबान दिली मी. आता ती पाळायची."

"जबान तुम्ही दिलीत ना? मग तुम्ही पाळा."

बाबांनी वर्तमानपत्रात डोकं खुपसलं. त्यांचा मला त्या दिवसापुरता अजूनही राग येतो. आई मात्र मंगळवारी डबा घेऊन शाळेत गेली, शुक्रवारीही गेली.

पुढच्याच महिन्यात बाबांना ताप भरला. मुदतीचा ताप, डॉक्टर म्हणाले, धीर धरा. शेजारणी धीर धरणाऱ्यांतल्या नव्हत्या. नवस थकलाय, सून ऐकत नाही, देवी कोपली, असं त्या आईच्या समोर बोलू लागल्या. माईनं केशवरावांना बोलावलं. ते आमच्याकडे पोथी वाचायला यायचे आणि त्यांचा शब्द घरात शेवटचा असायचा.

"पद्मावतीबाई," ते म्हणाले, "बोललेल्या शब्दात ताकद असते. तोंडातून निघाला की तो देवीचा झाला. कुणाच्या नावानं निघाला हे ती बघत नाही. ती भाव बघते."

"भाव बघत असेल तर माझा तिला दिसतोच आहे. आणि शब्द बघत असेल तर तो माझा नाही. दोन्हीकडून मीच कशी सापडते, केशवराव?"

केशवरावांनी उपरणं झटकलं. "नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर?"

हे मात्र आईला लागलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठली आणि तडक देवघरात गेली. मी दाराशी होते. तिनं टाकापुढे उभं राहून हात जोडले. देवीवर विश्वास नसता तर किती सोपं होतं! विश्वास होता म्हणून तर ती घाबरली होती, आणि घाबरूनही तिनं मनातल्या मनात काही म्हटलं नाही, मोठ्यानं म्हटलं.

"आई भवानी, ऐक. हा नवस मी बोललेली नाही, मी तो फेडणार नाही. रागवायचं तर माझ्यावर रागव. यांना हात लावू नकोस. माझ्या शब्दाला मी बांधलेली आहे, दुसऱ्याच्या नाही."

माईनं धावत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. "असं बोलू नको गं, तथास्तु होतं!"

आईनं तो हात बाजूला केला. "होऊ दे. एकदा माझ्या तोंडच्या शब्दालाही होऊ दे."

ताप एकवीस दिवस राहिला आणि उतरला. देवीनं कुणाचं ऐकलं, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरांचं म्हणाल तर त्यांनी पहिल्याच दिवशी एकवीस सांगितले होते. शेजारणींना मात्र एकदम दुसरे विषय सुचले.

बाबा हिंडूफिरू लागल्यावरच्या पहिल्या मंगळवारी माईनं स्वतः परडी काढली. गुडघे दुखत होते, तरी पायात वहाणा सरकवल्या. आई डबा घेऊन निघतच होती. तिनं माईचा हात धरला आणि दोघी कोपऱ्यापर्यंत बरोबर गेल्या. तिथून आई बसकडे वळली, माई पहिल्या दाराकडे. पाच वर्षांत माईचा एक वार चुकला नाही. गंमत म्हणजे तिला त्यात गोडी लागली. पाचही घरांच्या बातम्या आम्हाला माईकडून कळायच्या.

त्रेसष्टला माझी मॅट्रिक होती. परीक्षेला निघताना मी नमस्काराला देवघरात गेले. माई टाकापुढे हात जोडून उभी होती, ओठ नुकतेच हलायला लागले होते. मला बघून ती थांबली.

"मालू, तुझ्या नावानं काही बोलू का?"

"नको, माई."

"बरं," माई म्हणाली, आणि तोंड मिटून नुसतेच हात जोडून उभी राहिली.