बोटीच्या टोकाची जागा

आमच्या म्हैसूरच्या शाळेच्या बोटीत चार मुली वल्ही मारायच्या आणि पाचवी, सर्वांत हलकी, सुकाणूवर बसायची. वल्हवणाऱ्यांची पाठ बोट जाते त्या दिशेला असते. पुढचं फक्त सुकाणूवालीला दिसतं. तिच्यावर विश्वास ठेवायचा, हा पहिला नियम. मी दहावीत होते. माझी जागा टोकाला, म्हणजे पाण्यात काही आडवं आलं तर ते आधी माझ्या पाठीला लागणार. दर आठ-दहा वल्ह्यांनी माझी मान वळायची.

सर निवृत्त फौजी होते. काठाने सायकल चालवत ते बोटीबरोबर यायचे आणि कन्नडमध्ये ओरडायचे, "तिरुगी नोडबेडा." वळून पाहू नकोस. बेंगळुरूच्या स्पर्धेआधी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की चाचणीत एकदा जरी वळलीस, तर जागा राखीव मुलीला. ती माझ्याच वर्गातली होती. हूटगळ्ळीहून दोन बस बदलून यायची.

चाचणीत अर्धं अंतर नीट गेलं. सुकाणूवाली "एळी, एळी" म्हणत होती, ओढा, ओढा. मग ती गप्प झाली. तीन पाठींच्या पलीकडे तिचा चेहरा मला अर्धाच दिसत होता. ती माझ्या खांद्यावरून काहीतरी पाहत होती. मी वळले. मासे धरणाऱ्याची वेताची गोल होडी बरीच बाजूला होती. तोवर माझं वल्हं पाण्यात अडकलं आणि बोट तिरकी झाली.

काठावर सरांनी विचारलं, काय होतं? मी म्हटलं, होडी.

"आता इथूनच बघ," ते म्हणाले.

सरस्वतीपुरमच्या घरी वडिलांनी विचारलं, "काय गं, सेलेक्शन आयता?" आमच्या मराठीत निम्मं कन्नड असे. मी झालं म्हटलं. त्यामुळे रोज सकाळी सायकल काढणं भागच होतं. तलावावर मी वल्ही पुसायचे, बोट पाण्यात ढकलायला हात लावायचे आणि उभी राहायचे. बसवत नसे.

बोट दूर जाताना चौघींची तोंडं काठाकडे, म्हणजे माझ्याकडे असायची. बोटीत असताना हे कधी लक्षात आलं नव्हतं. माझ्या जागेवरची मुलगी सरळ समोर पाहत वल्हं ओढायची. ती कधी वळते, याची मी वाट पाहायचे. चेहरे ओळखू येईनासे होईपर्यंत. स्पर्धेच्या आदल्या दिवसापर्यंत ती एकदाही वळली नाही.