शरयूच्या अकरा ओळी

अंबडात बरेच दिवस असा समज होता की जगन्नाथरावांची शरयू लष्करातल्या कुठल्याशा कर्नलचं काम करते. हा घोळ जगन्नाथरावांनीच घातलेला. कोर्टासमोर टेबल टाकून अर्ज आणि मुखत्यारपत्रं लिहून देणारा हा माणूस आलेल्या प्रत्येक पक्षकाराला छाती फुगवून सांगायचा, "आमची शरयू कर्नल दुरुस्त करते." ऐकणारा हबकायचा. एवढ्या मोठ्या फौजी माणसात असं काय बिघडलं असेल?

खरी गोष्ट एवढीच, की हा कर्नल म्हणजे संगणकप्रणालीचा गाभा. कुणी कुठली फाइल उघडायची, कुणी तिच्यात लिहायचं, हे तो ठरवतो. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली अशी एक फुकट प्रणाली एका मासिकाबरोबरच्या सीडीवर आली होती. शरयू जालन्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिथल्याच एका मशीनवर तिने ती चढवली आणि दोन वर्षं त्या गाभ्याची पानंच्या पानं वाचून काढली. २००१ साली तिला त्यात एक भोक सापडलं. काही फाइलींवर एक खास खूण असते. तशी फाइल जो चालवील त्याला तेवढ्यापुरता तिच्या मालकाचा अधिकार मिळतो. मालक बदलला की ही खूण पुसली जायला हवी. पण एका आडवाटेने मालक बदलला तर ती तशीच राहत होती. म्हणजे एखाद्याने रचून ठेवलेली फाइल साहेबाच्या नावावर चढली, की साहेबाचे सगळे अधिकार त्या लबाडाच्या खिशात.

शरयूला हे दिसलं ते वडिलांमुळे. त्यांना ती अण्णा म्हणे. जमीन विकली आणि जुनं मुखत्यारपत्र रद्द करायचं राहिलं, तर काय गोंधळ माजतो हे ती लहानपणापासून जेवताना ऐकत आली होती. तिने अकरा ओळी लिहिल्या, खाली आपलं नाव घातलं, आणि आपल्याकडे कोऱ्या कागदावर लिहितात तसं सगळ्यात वर 'श्री' लिहिलं, इंग्रजी अक्षरांत.

या अकरा ओळींवर तिचं पुढचं सगळं अवलंबून होतं. पुण्याच्या एका कंपनीने तिला स्पष्ट सांगितलं होतं, तुमच्या नावाची एक तरी दुरुस्ती कर्नलमध्ये घेतली गेली की या, नोकरी तुमची. पण जालन्याच्या सायबर कॅफेतून कर्नल सांभाळणाऱ्यांना मेल पाठवली की ओळी मोडून जात. दोनदा मेल परत आली. म्हणून पुण्यात नोकरीला असलेला आतेभाऊ वामन दिवाळीला आला, तेव्हा तिने फ्लॉपी त्याच्या हातात ठेवली.

"वामनदादा, बराबर आहे तसंच पाठव. काही बदलू नको."

"गेलं समज," वामन म्हणाला, आणि तिच्या हातचा चिवडा डबाभर घेऊन गेला.

महिन्याभराने तिने कॅफेत बसून कर्नलवाल्यांचं चर्चेचं पान पाहिलं. दुरुस्ती घेतली गेली होती. अकराच्या अकरा ओळी तिच्या, नाव वामनचं. कुणा परदेशी माणसाने विचारलं होतं, वर हे 'श्री' काय आहे? वामनने उत्तर दिलं होतं, टायपिंगची चूक. नाव गेल्याचा संताप होताच, पण त्या 'चूक' शब्दाने तिला रडू फुटलं.

एसटीने घरी येऊन तिने अण्णांपुढे सगळं सांगितलं. "आत्याकडं फोन लावा. सगळ्यांसमोर विचारते त्याला."

अण्णा फोनकडे वळले नाहीत. चष्मा पुसत बसले.

"त्याचा दोष न्हाई," ते म्हणाले. "त्याचा फोन आल्ता मला. मामा, नाव कुणाचं घालू, असं विचारलं त्यानं. मीच म्हणलं, तुझं घाल."

वामन तरी केवढा साळसूद! विचारलं, पण जिचं होतं तिला सोडून.

"तुम्ही?" शरयूने विचारलं. वामनवर ओरडायची तिची तयारी होती, अण्णांवर ओरडायची नव्हती.

"तुझी आई गेली. तूबी पुण्याला गेलीस तर मंग मी काय भिंतींशी बोलून राहू?"

"मला म्हणायचं न्हवतं का, अण्णा? एकदा नुसतं 'जाऊ नको' म्हणला असता, तर मी राहिले असते."

अण्णांची अर्ज लिहिण्यात उभी हयात गेली, पण पोरीजवळ एवढा एक तोंडी अर्ज त्यांच्याच्याने झाला नव्हता.

पुण्याच्या त्या नोकरीवर पुढे वामन लागला. शरयू अंबडातच राहिली. अण्णा २००८ साली वारले. तोवर तिने त्यांचा चहा, पथ्यपाणी, डोळ्यांतले थेंब कधी चुकवले नाहीत. संध्याकाळी ती क्लासवरून आली की ते विचारत, "आज काय काम केलंस गं?" ती त्यांना ताट वाढे आणि म्हणे, "काही नाही."