मोरी कोणाची

आमचा भाजीचा मळा खामगावच्या सडकेला लागून होता. सडक उंच, मळा खाली, आणि पाणी पलीकडे जायला सडकेखालून एक दगडी मोरी. ती गाळानं बुजली तेव्हापासून मळ्यात गुडघाभर पाणी तुंबायचं. ओळीनं दोन पावसाळे वांगी-मिरची उभ्या जागी सडली.

तिसऱ्या वर्षी सासरे पटवाऱ्याकडे गेले. त्यानं तहसिलीत धाडलं. तहसिलीतल्या कारकुनानं बांधकाम खात्याकडे बोट दाखवलं. तिथं उत्तर मिळालं, "आमची सडक नाल्यापर्यंत. मोरी कोणाच्या हद्दीत आहे, ते आधी शोधून आणा."

सासरे घरी येऊन खाटेवर टेकले. "आता काय नागपुरले जाऊ?" वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुरातून चालायचा.

मी त्या घरात नवी सून, मराठी चौथी पास. माहेरी पुलाच्या कठड्यावर कोरलेली अक्षरं मी पाहिली होती. चूल सारवता सारवता सासूबाईंना म्हटलं, "आपल्या मोरीवर काही लिहिलं असन का?"

त्यांनी कोपऱ्यातला खराटा उचलला. "चाल, पाहून येऊ."

पावसानं दुपारी उघडीप दिली होती. मी विळ्यानं गवत कापलं, त्यांनी चिखल ओढला, शेवाळ घासलं. कठड्याच्या टोकाशी एका दगडावर खाचा लागल्या. अक्षरं होती, पण इंग्रजी.

"काऊन थांबली?" सासूबाई म्हणाल्या.

"मले हे वाचता येत नाही."

"मंग वाचता येते त्याच्यापाशी नेऊ. दगड उपटून न्याचा काय?"

मी पळत घरी गेले, कागद आणि चुलीतला कोळसा आणला. दगड पदरानं कोरडा पुसला, त्यावर कागद दाबून कोळसा फिरवला, तशी खाचांची अक्षरं पांढरी उमटली. सासूबाईंनी कागद पदराखाली धरला, जणू तान्हं लेकरू.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी बैलगाडी जुंपली आणि मला सोबत घेतलं. खामगावात कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसानं कागद उजेडाकडे धरला. "डी. सी. म्हणजे डिस्ट्रिक्ट कौन्सिल. मोरी कौन्सिलची आहे."

मला तिथंच उभ्या उभ्या हसू फुटलं. सासऱ्यांनी त्याला दोनदा विचारलं, "नक्की ना?" अर्ज मी स्वतः लिहिला, त्याच्याच चटईवर बसून. एक ओळ वाकडी गेली, पण मजकूर पक्का होता.

कौन्सिलच्या कचेरीतल्या बाबूनं अर्जासोबतचा काळा कागद उलटसुलट पाहिला. "हे कोणी शोधलं?"

"माह्या सुनेनं," सासरे म्हणाले. एवढ्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

आठवड्यानं ओव्हरसियर सायकलवर आला, मागून फावडीवाले मजूर. दोन दिवस ते गाळ उपसत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मोरीच्या पोटात गुडगुड झाली आणि पाणी धावत सुटलं. आम्ही सगळे सडकेवर उभे, कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. वाफ्यांचे वरंबे एकेक करून वर येत होते.

त्या वर्षीची वांगी वाचली नाहीत. दसऱ्यापर्यंत जमीन वाफशावर आली आणि आम्ही सगळ्या मळ्यात मेथी पेरली. सासूबाई रोज संध्याकाळी उगवण पाहायला जायच्या, आणि मला हाक मारल्याशिवाय एकट्या कधी गेल्या नाहीत.